मावशीला चालता येत नाही!

प्रवास कसा करावा, हे मला कुणी शिकवू नये. ते मी शिकवते!

परदेशातल्या शाळेत भूगोल शिकवायला लागले, तेव्हाच मला एक शोध लागला. शिक्षकाला पगार मिळतो तो सुट्टीची वाट पाहण्याबद्दल. मधल्या काळात शिकवलं तरी चालतं. सत्र संपल्याची घंटा वाजते आणि तिचा आवाज विरायच्या आत मी विमानतळावर असते. मुलांना वहीत जो आशिया रंगवायला लावते, तो मी स्वतः चपला झिजवून रंगवत चालले आहे! कुठल्या बोटीत डाव्या बाजूला बसावं, कुठल्या गावात मागच्या अंगाची खोली मागावी, कुठल्या टेकडीवर चढावं आणि कुठल्या टेकडीचं फोटोवर भागवावं, सगळं तोंडपाठ. शिक्षकांच्या खोलीत मी बोलायला लागले की माझ्याभोवती असा घोळका जमतो, की बाहेर मुलांना वाटतं, आत कुणाला तरी चक्कर आली!

या घोळक्यात कधीही न येणारी एकच व्यक्ती, आमच्या मुख्याध्यापिका. त्यांना आम्ही पाठीमागे 'तराजू' म्हणतो. चेहऱ्यावरचा काटा सदा मधोमध. बाई खूश आहेत की खवळल्या आहेत, ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. मी माणसं वाचण्यात मुरलेली बाई आहे. कोण कशाने फुगतो, कोण कशाने फुटतो, याचा जमाखर्च माझ्या डोक्यात तयार असतो. पण तराजूबाईंचं पान कोरं ते कोरंच!

नाही म्हणायला एक नोंद होती. रांग. रांग मोडणारा दिसला की काटा असा खाली आपटायचा, की समोरचा माणूस संपलाच. एकदा खुद्द संस्थेचे अध्यक्ष उपाहारगृहात मधेच घुसले, तर बाईंनी त्यांना दंडाला धरून पहिलीच्या पोरांच्या मागे नेऊन उभं केलं. अध्यक्षांच्या वाट्याला त्या दिवशी फक्त रिकामी ताटली आली.

आणि माझ्या नोकरीचा करार याच बाईंच्या टेबलावर पडला होता! सुट्टी संपली की त्या सही करणार, किंवा नाही करणार. केली तर शाळा, सुट्ट्या आणि उरलेला अर्धा आशिया. नाही केली तर बॅगा भरून घरी. घरी आईने माझ्यासाठी पोल्ट्रीवाल्याचं एक स्थळ राखून ठेवलं आहे. स्थळ चांगलं आहे म्हणतात. मुलगा पहाटे कोंबड्यांच्या आधी उठतो.

अशा नाजूक वेळी मावशी माझ्याकडे राहायला आली.

मावशी म्हणजे निवृत्त पी.टी.च्या बाई. वय सत्तरीला टेकलेलं, पाय मात्र अजून कुठेच टेकत नाहीत. सकाळी फेऱ्या, दुपारी जिने, संध्याकाळी रस्त्यात जो भेटेल त्याला, "पोक काढून चालू नकोस!" मी तिला म्हटलं, सुट्टीत तुला समुद्राकाठच्या एका गावात नेते. तिथे दगडी पायऱ्यांची टेकडी आहे, माथ्यावरून दोन्ही बाजूंना समुद्र दिसतो, चढायचीय का? मावशीने त्याच संध्याकाळी बुटाच्या नाड्या धुतल्या.

तिकीट काढताना मात्र म्हणाली, "माझ्यासाठी व्हीलचेअर सांग हं."

"व्हीलचेअर? अगं, तू मैदानाला फेऱ्या मारतेस!"

"मग? फेऱ्या मैदानाला मारायच्या. विमानतळाला कशाला?"

हे आपल्याकडचं शास्त्र आहे, तुम्हाला माहीत असेलच! मावशीच्या कट्ट्यावरच्या सगळ्या मैत्रिणी अशाच सीमा ओलांडतात. पाय ठणठणीत असले तरी खुर्ची सांगायची. मग रांग नाही, गेट शोधणं नाही, भाषेची भानगड नाही. एक गणवेशातला माणूस येतो, बसवतो आणि थेट विमानाच्या दारात नेऊन सोडतो. आत गेल्यावर याच बायका टुणकन उठून वरच्या कप्प्यात सगळ्यांच्या आधी बॅगा कोंबतात. कोणत्या विमानतळावरची खुर्ची मऊ, यावर कट्ट्यावर परिसंवाद होतात!

तर अशी आमची मिरवणूक निघाली. पुढे खुर्चीत मावशी, मांडीवर पर्स, चेहऱ्यावर राज्याभिषेकाचं तेज. मागे मी. शेजारी पासपोर्ट तपासणीची रांग, मारुतीच्या शेपटीसारखी, संपता संपत नव्हती! मी त्या रांगेकडे दयेने बघत चालले होते, आणि रांगेतून आवाज आला,

"अरे! तुम्ही?"

तराजूबाई! शेजारी त्यांचे यजमान. उंच, रुंद, केस पांढरे पण बाह्या आखूड. दंड लोकांना दिसावेत म्हणून काही पुरुष आयुष्यभर थंडी सोसतात, त्यातले. मी मनात लगेच नाव ठेवलं, 'पहिलवान'.

(बाईंशी आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीतून होतं. मावशीचं इंग्रजी मैदानापुरतं, 'अटेन्शन' आणि 'लेफ्ट-राइट'. त्यामुळे मधे दुभाषी मी. पण इथे सोयीसाठी सगळे मराठीच बोलतील.)

बाईंनी खुर्चीकडे पाहिलं. मग रांगेकडे. मग माझ्याकडे. काटा मधोमध थरथरला.

"या कोण?"

"माझी मावशी."

"यांना चालता येत नाही?"

आता बघा, 'थोडे गुडघे दुखतात' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण डोळ्यांसमोर रिकामी ताटली घेतलेले अध्यक्ष आले. मागोमाग करार आला. त्याच्या मागे कोंबड्या आल्या! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"अजिबात नाही, बाई! अपघात झाला होता. तेव्हापासून एक पाऊल टाकलेलं नाही बिचारीने!"

बाईंचे डोळे मऊ झाले. खरंच झाले! "आणि अशा मावशींना तुम्ही जग दाखवायला नेता?"

"माझ्याशिवाय आहे कोण तिला," मी मान खाली घालून म्हटलं. मावशीला दोन मुलगे, एक मुलगी आणि पाच नातवंडं आहेत.

"काय म्हणतायत गं?" मावशीने विचारलं.

"तुझी साडी छान आहे म्हणतायत."

"कुठे चाललात?" पहिलवानांनी विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं. दोघं एकमेकांकडे बघून हसले.

"आम्हीही तिथेच!" बाई म्हणाल्या. "शिक्षकांच्या खोलीत तुम्ही इतकं वर्णन करत होता, भिंतीपलीकडे मला सगळं ऐकू येत होतं. हॉटेलही तुम्ही सांगितलंत तेच घेतलं. मागच्या अंगाची खोली!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच!

विमानात बसल्यावर मी मावशीला सगळं सांगितलं. ती पट्टा तोडून उठायच्या बेतात होती.

"मी पांगळी? मी?"

"हळू बोल! पुढच्याच रांगेत आहेत. मावशी, नोकरीचा प्रश्न आहे गं."

"बरं, मग थोडी लंगडीन."

"लंगडायचं नाही. बसायचं. पूर्ण सुट्टीभर."

"पूर्ण सुट्टीभर बसू? आणि टेकडी?"

"टेकडी पुढच्या वेळी."

"माझ्या वयात पुढची वेळ काय देवाने लिहून दिलीय? त्यापेक्षा तू कोंबड्या सांभाळ!"

पण मावशीच ती. शेवटी फणफणत का होईना, तयार झाली.

हॉटेलात बाईंनी आमच्या आधी पोचून सगळी व्यवस्था करून ठेवली होती. तळमजल्यावरची खोली. हॉटेलची खुर्ची. जेवणाच्या दालनात रुंद वाट असलेलं टेबल. म्हणजे त्यांच्याच शेजारचं! मावशीला आयुष्यात कधी कुणी पाण्याचा पेला हातात आणून दिला नसेल. इथे पहिलवान धावत जाऊन तिची ताटली भरून आणायचे. तिला जे नको तेच नेमकं वाढायचे, आणि तिला उठून बदलून आणता यायचं नाही!

पहिल्याच दिवशी तिचा रुमाल टेबलाखाली पडला. ती सवयीने उठायला लागली. मी तिच्या पायावर पाय दिला.

"आई गं!" मावशी ओरडली.

बाई चमकल्या. "पायाला जाणीव आहे?"

"ती... ती आठवणीची कळ असते," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणाले, पाय विसरत नाहीत."

बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. चोराच्या मनात चांदणं! मी रुमाल शोधायला टेबलाखाली गेले ती बराच वेळ तिथेच राहिले.

असे दिवस चालले होते. बाजारात मी खुर्ची ढकलायची, किनाऱ्यावर मी खुर्ची ओढायची. वाळूत चाकं रुतली की मावशी दातओठ खात पुटपुटायची, "पायांवर जोर दे! अंगठ्यावर नको, टाचेवर!" माझी कंबर धनुष्य झाली. खरी पांगळी व्हायची वेळ माझ्यावर आली होती!

पण खरा घोळ घातला टेकडीने. जेवणाच्या दालनाची खिडकी नेमकी तिच्याकडेच. एका सकाळी मावशी चहाचा कप हातात धरून त्या पायऱ्यांकडे अशी बघत बसली, की बघणाऱ्याने हातातला पाव खाली ठेवावा. डोळ्यांत पाणी. खरं पाणी, बरं का! रागाचं होतं, पण पाण्यावर थोडंच लिहिलेलं असतं?

पहिलवानांनी टेबलावर मूठ आपटली. "मी नेईन यांना वर!"

"खुर्ची पायऱ्यांवर चढणार नाही," मी घाईने म्हटलं.

"खुर्ची कशाला? पाठीवर नेईन!"

"अहो नको, ती दिसते त्याहून जड आहे!"

"मी रोज व्यायामशाळेत याहून जड वजनं उचलतो!"

मी आशेने बाईंकडे पाहिलं. बायको तरी नवऱ्याला अडवेल! पण बाई पावाला लोणी लावत शांतपणे म्हणाल्या, "नेऊ दे. त्यांची फार इच्छा आहे."

आगीतून फुफाट्यात! अर्ध्या तासात पहिलवानांच्या पाठीवर मावशी आणि मावशीच्या मागे आमची वरात, अशी टेकडीच्या पायथ्याशी पोचलो. विंचवाचं बिऱ्हाड ऐकलं होतं. ते पाठीवरून आज्ञा सोडतं, हे पहिल्यांदाच पाहिलं!

"याला सांग, कमरेतून वाकू नको! गुडघ्यातून वाक! पोत्यासारखं काय उचलतोय?"

"काय म्हणाल्या?" पहिलवानांनी धापा टाकत विचारलं.

"आशीर्वाद देतेय."

"श्वास नाकाने घे म्हणावं! तोंड उघडून माशासारखा काय चढतोस! लेफ्ट-राइट! लेफ्ट-राइट!"

"आता काय?"

"आणखी आशीर्वाद."

पहिलवानांना आशीर्वाद मानवेनात. आधी कान लाल झाले, मग मान, मग सबंध माणूस. उतरणारी माणसं थांबून टाळ्या वाजवू लागली! कुणी फोटो काढले, एका बाईने पदर नसताना डोळे पुसले. मी मागून गोड हसत होते. माथा अगदी दिसायला लागला. शेवटचं वळण, आणि...

"आऽऽऽ!"

पहिलवानांच्या पोटरीत गोळा आला! बिचाऱ्याने तशातही मावशीला अलगद एका सपाट दगडावर ठेवलं, आणि मग स्वतः आडवा होऊन असा काही लोळायला लागला, की वाटेवरच्या माणसांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. बाई गुडघे टेकून बसल्या. कुणी म्हणालं पाणी पाजा, कुणी म्हणालं हवा येऊ द्या. एक उत्साही पर्यटक पुढे झाला आणि त्याने पहिलवानांचा पाय धरून भलत्याच दिशेला पिळला. पहिलवानांची किंकाळी समुद्रापर्यंत गेली!

मी मावशीकडे पाहिलं. दगडावर बसून ती दोन्ही हातांनी पदर पिळत होती. ओठ गच्च. नाकपुड्या थरथरत होत्या. मी डोळ्यांनी विनवलं, मावशी, नको. करार! मावशी, कोंबड्या!

तिने प्रयत्न केला हो. खरंच केला. पण पर्यटकाने पाय दुसऱ्यांदा पिळला, आणि आयुष्यभर मैदानात काढलेली बाई उठली!

"अरे सोड! मेल्या, पाय आहे तो, ओलं धुणं नाही!"

दोन पायऱ्या एका ढांगेत ओलांडून मावशी तिथे पोचली. पर्यटकाला कोपराने बाजूला केलं, पहिलवानांची टाच तळहातावर घेतली, गुडघा सरळ केला, पायाचा पंजा हळूहळू त्यांच्याकडे दाबला, दुसऱ्या हाताने पोटरी चोळली. किंकाळीचं कण्हणं झालं, कण्हण्याचा उसासा झाला. मग मावशी ताठ उभी राहिली आणि तिने हुकूम सोडला, "अटेन्शन!"

पहिलवान उठून उभे राहिले. पर्यटकही उभा राहिला. खरं सांगायचं तर मीही टाचा जुळवल्या!

खाली लाटा फुटत होत्या, त्याही मला टोमण्यासारख्या ऐकू येऊ लागल्या. बाईंनी मावशीच्या पायांकडे पाहिलं. मावशीनेही स्वतःच्या पायांकडे पाहिलं, जणू ते शेजाऱ्याचे असावेत.

"चमत्कार!" मी ओरडले. "बाई, बघा! टेकडीची हवा! चमत्कार झाला!"

"झाला ना," बाई म्हणाल्या. "रोज पहाटे होतो. माझ्या खिडकीखालून बागेत धावतात या. पहिल्या दिवशी मला वाटलं, तुमची दुसरी मावशी असेल."

मी मावशीकडे पाहिलं. मावशीने आभाळाकडे पाहिलं.

"तू पहाटे धावायचीस?"

"तू घोरत असायचीस. म्हटलं, अंग आखडायला नको."

"म्हणजे तुला माहीत होतं?" पहिलवान बायकोकडे वळले. "आणि तरी मला चढू दिलंस?"

"वर्षभर सांगतेय, जिना चढताना धाप लागते, जरा तपासून घ्या," बाई म्हणाल्या. "तर म्हणता, मी तरुण आहे. म्हटलं, होऊ दे खात्री!" मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही कुठवर जाता, तेही बघायचं होतं. तुम्ही तर पार माथ्यापर्यंत आलात."

मी दगडावर बसले, मावशीच्याच.

"करार माझ्या टेबलावर आहे," बाई म्हणाल्या. काटा मधोमध. "तुम्हाला ठेवू की पाठवू, हे तुमच्या मावशींना विचारा. त्या काय म्हणतील ते मला शब्दाला शब्द सांगायचं. आशीर्वाद नकोत!"

मी मावशीला विचारलं. माझा आवाज चिमणीएवढा झाला होता.

मावशीने कमरेवर हात ठेवले. "सांग त्यांना. ही कार्टी लहानपणापासून थापा मारते, पण आजवर एक थाप धड मारता आलेली नाही."

मी सांगितलं. शब्दाला शब्द. 'कार्टी'सकट.

"अशा माणसाला शाळेतच ठेवावं. बाहेरच्या जगात टिकायची नाही. पोरांना मात्र हिच्याकडून नकाशा बघायची हौस लागेल, तेवढं बरं जमतं तिला."

तेही सांगितलं.

मावशी थांबली. वाऱ्याने उडणारा पदर तिने खोचला. आता खाली बघून हळू बोलली. "आणि सांग, माझ्या मुलांनी मला देवळं दाखवली, दवाखाने दाखवले. तुला टेकडी चढायचीय का, हे हिनंच विचारलं. हे मात्र सांगू नकोस गं. डोक्यावर बसशील."

मी तेही सांगितलं. शेवटचं वाक्यही सांगितलं, शब्दाला शब्द, "हे मात्र सांगू नकोस, डोक्यावर बसशील."

बाई हसल्या! आशियातला बराच भाग मी पाहिला आहे, पण असं दृश्य कुठेच नाही. हसत हसत त्यांनी मावशीचा हात धरला आणि दोघी उरलेल्या पायऱ्या अशा चढून गेल्या, की मागे मी आणि पहिलवान एकमेकांना धरून, थांबत थांबत, कण्हत वर पोचलो. तोवर दोघींचे दोन्ही समुद्र बघून झाले होते!

करारावर सही झाली. हो, झाली! पोल्ट्रीवाल्याला आईने दुसरी मुलगी दाखवली. फक्त बाईंनी करारात स्वतःच्या हाताने एक अट घातली: पुढच्या सुट्टीत भूगोलाच्या शिक्षिकेने शाळेत थांबून मागे पडलेल्या मुलांचे जादा वर्ग घ्यावेत.

एवढंही मी गोड मानून घेतलं. पण परवा मावशीचा घरून फोन आला. येत्या सुट्टीत ती, बाई आणि पहिलवान असे तिघं निघाले आहेत! बोटीने, बेटांवर. कुठल्या बाजूला बसायचं, ते मी सांगितलेलं तिच्या लक्षात आहे म्हणे.

"अगं पण मावशी," मी कळवळून म्हटलं, "त्यांना मराठी येत नाही, तुला इंग्रजी येत नाही. मी नसले तर तुमचं कळणार कसं एकमेकांना?"

"बये," मावशी म्हणाली, "तू मधे नसलीस की सगळं नीट कळतं!"